न दिलेली ओ

१

सोल शहराला नावं ठेवायला अनुदारीला आठवडासुद्धा लागला नाही. जिकडे जावं तिकडे चढ. प्रत्येक कचऱ्याला वेगळी पिशवी. कपाळावर एकसारखे केस कापलेल्या, एकाच साच्यातून काढल्यासारख्या मुली. आणि स्वतःच्या विनोदाला सगळ्यांच्या आधी हसणारे प्राध्यापक. एखाद्या गोष्टीला नावं ठेवता आली की ती आपल्या मुठीत आली, असा तिचा आजवरचा अनुभव होता, आणि त्याच बळावर ती त्या अवाढव्य शहरात, विद्यापीठाच्या पहिल्याच सत्रात, चांगली रुळून गेली होती.

पण सगळ्यांत जास्त तिटकारा तिला आपल्याच माणसांचा होता. मंगोलियातल्या उलानबातरहून शिकायला आलेली मुलं खानावळीत कळप करून बसत, गडगडाटी हसत, घरून आलेलं वाळवलेलं मटण एकमेकांच्या हातावर ठेवत. अनुदारी त्यांच्या वाऱ्याला उभी राहत नसे. शाळेपासून मालिका बघून बघून तिने कोरियन भाषा अशी घोटली होती की फोनवर कुणाला शंका येत नसे, आणि चेहऱ्याने तर ती तिथलीच वाटे. 'कुठली गं तू?' असं कुणी विचारलंच तर ती म्हणे, "बाहेर वाढले." यात खोटं काही नव्हतं. एकदा ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर सारनाई नावाच्या वरच्या वर्गातल्या मुलीने तिला मंगोलियनमध्ये हाक मारली, "ए पोरी, उलानबातरची ना तू?" अनुदारीने मानही वळवली नाही. बहिऱ्यासारखी ती पायऱ्या उतरून गेली.

राहायची ती टेकडीवरच्या एका जुन्या विटांच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, मध्ये स्वयंपाकाचा ओटा, आणि एक बाथरूम. दुसऱ्या खोलीत दानबी होती.

दानबी मोकपोची, म्हणजे पार दक्षिणेच्या बंदराकडची. वाक्य संपलं की त्याला 'इंऽ' अशी शेपटी लावायची तिकडची खोड तिला सोलमध्ये दोन वर्षं काढूनही सुटली नव्हती. वर्षाने मोठी म्हणून तिला 'ताई' म्हणावं लागे, आणि अनुदारी ते दातात अडकलेलं काहीतरी काढल्यासारखं म्हणे. दानबीची आणखी एक खोड म्हणजे ती सगळ्यांना ओ द्यायची. बातम्या देणाऱ्या बाईने नमस्कार केला की ही टीव्हीला नमस्कार करी. भाताचा कुकर बायकी आवाजात 'भात तयार आहे' असं सांगे, तर ही हातातलं टाकून म्हणे, "आले गं बाई, आले!"

"त्याला ऐकू येत नाही, ताई," अनुदारी एकदा म्हणाली.

"माहितेय की. पण कुणी बोललं तर गप्प बसवतं का?"

अनुदारीला छान बसवत होतं.

२

बाथरूमला खिडकी नव्हती. छताला प्लास्टिकची जाळी, आणि तिच्यावर सगळ्या मजल्यांना जोडणारं हवेचं नळकांडं. त्यातून तळमजल्यावरच्या म्हाताऱ्याच्या सिगारेटचा वास यायचा, त्याचं खोकणं यायचं, कधी कुणाचा रेडिओ यायचा. पहिले काही दिवस नाक मुरडून झाल्यावर अनुदारीचं तिकडे लक्षही जात नसे.

एका सकाळी ती आरशासमोर केस पुसत होती, तेव्हा जाळीतून एका बाईचा आवाज आला.

"चहा प्यायलीस?"

मंगोलियनमध्ये.

अनुदारीला काही वाटलं असेल, तर तो संताप. म्हणजे इथेही! एवढ्या मोठ्या शहरात आपल्याच इमारतीत यांनी बिऱ्हाड थाटावं? आणि बोलणंही कसलं, शहरातलं नव्हे. पश्चिमेच्या डोंगरांतलं, शेवटचा स्वर गिळून टाकणारं, जनावरांमागे हिंडणाऱ्यांचं. असं बोलायची ती तिची आत्या. सात वर्षांची होईपर्यंत अनुदारी त्या आत्याच्या तंबूत वाढली होती, आणि नंतर शहरात आणल्यावर आईने हे बोलणं तिच्या जिभेवरून घासून घासून काढलं होतं.

"चहा प्यायलीस?" आवाजाने पुन्हा विचारलं. घाई नाही, चीड नाही.

तिने ओ दिली नाही. यात शहाणपण नव्हतं आणि भीती तर मुळीच नव्हती. ओ देण्याजोगं त्यात काही आहे, असंच तिला वाटलं नाही.

मग ते रोजचं झालं. कधी "झोप लागली का?" कधी "दार ओढून घेतलंस ना?" अनुदारी तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी दात घासायची, केस विंचरायची आणि निघून जायची. तिने तर्कही लढवून ठेवला होता. कुणाच्या घरी मंगोलियन कामवाली असेल, तिचा फोन मोठ्या आवाजात चालत असेल, पलीकडे तिची पोर असेल. झालं. यात गूढ ते काय?

एका सकाळी मात्र आवाज म्हणाला, "थंडी असेल ना तिकडे?"

कंगवा केसांत तसाच राहिला. फोनवर असेल तर बाई इथली नव्हे, आणि इथली असेल तर 'तिकडे' का म्हणेल? शिवाय फोनवर बोलणाऱ्याला कधीतरी पलीकडून उत्तर येतं. इतक्या दिवसांत जाळीतून उत्तराचा एक शब्द आला नव्हता. बाई विचारायची आणि थांबायची. जेवढ्यास तेवढं, उत्तराला लागेल एवढं थांबायची.

त्या दिवशी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने ती गच्चीवर जाऊन आली, मग तळापर्यंत उतरत प्रत्येक मजल्यावर रेंगाळली. तळाला म्हातारा. पहिल्या मजल्यावर दिवसभर कुलूप आणि कुलपाआड भुंकणारं कुत्रं. वर त्यांच्याशिवाय कुणी नाही. मंगोलियन बाई त्या इमारतीत कुठे मावणार होती, हे तिला कळेना. मग तिने तेही सोडून दिलं. न कळणाऱ्या गोष्टींना ती क्षुल्लक म्हणायची.

३

संध्याकाळी दोघी जेवायला बसल्या. एकाच टेबलावर बसायचं एवढाच त्यांच्यातला शेजारधर्म. दानबी वाटीत सूप ओतत होती. ओतता ओतता तिने सहज विचारलं, "चहा प्यायलीस?"

कोरियनमध्ये नव्हे. आणि शेवटचा स्वर गिळून.

अनुदारीचा चमचा टेबलावर टेकला. "काय म्हणालीस?"

"बरोबर म्हटलं ना?" दानबीचा चेहरा फुलला. "किती दिवस घोकतेय इंऽ."

"कुणी शिकवलं तुला?"

"कुणी म्हणजे? तूच की."

"मी?"

"रोज बाथरूममधून विचारतेस ते! मला आधी वाटायचं आईशी बोलतेस. मग एकदा तुझा फोन इथं ओट्यावरच दिसला. म्हटलं, अगं बाई, ही तर मलाच विचारतेय! तोंडावर बोलायला लाजते आणि आत बसून बोलते. मग मी अर्थ शोधला, उत्तर पाठ केलं आणि दाराशी उभी राहून म्हटलं, 'प्यायले, तू?'"

"मग?"

"मग हसलीस. अनु, तू इतकं गोड हसतेस, मला माहीतच नव्हतं."

"कधी झालं हे?"

"परवा. काल पण. दुपारी नाही का?"

दुपारी अनुदारी वर्गात होती. परवाही, कालही.

दानबी मान खाली घालून सुपात भात कालवत होती. "इथं जेवायला बसलं की तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मला वाटायचं, हिला माझा राग येतो. पण आत बोलतेस ना, तेवढं पुरतं मला. दोन वर्षं झाली या शहरात, कुणी आपणहून विचारलं नव्हतं इंऽ."

ती मी नव्हते, एवढंच अनुदारीने म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर मग ती कोण, हा प्रश्न आला असता. मग आत्या, तंबू, डोंगरातली बोली, सगळं उकरून काढावं लागलं असतं, आणि तेही कुणापुढे, तर कुकरशी गप्पा मारणाऱ्या बाईपुढे. तिने वाटी उचलली आणि उरलेलं सूप एका दमात पिऊन टाकलं.

४

दुसऱ्या दिवशी जाळीतून हाक आली, "एनेबिश! अगं ऐकतेस ना?"

आता मात्र अनुदारीने मान वर करून जाळीकडे पाहिलं. हे नाव तिच्या कागदांवर कुठेही नव्हतं. तिच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आत्याने तिला घरात या नावाने हाक मारायची चाल पाडली होती. एनेबिश म्हणजे 'ही नव्हे'. न्यायला कुणी आलंच, तर त्याला दारातूनच सांगायचं, ही नव्हे, पुढे जा. शेणामातीतलं, खुळ्या समजुतीचं नाव. शहरात आल्यापासून तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं आणि आईलाही उच्चारू दिलं नव्हतं.

तिने ओठ घट्ट मिटले. आवाज थांबला, उत्तराला लागेल एवढा, आणि मग गेला.

दुपारी तिने आईला व्हिडिओ फोन लावला. आत्या डोळे दाखवायला शहरात आली होती, सोफ्यावर पाय वर घेऊन चहाचा वाडगा धरून बसली होती. धडधाकट, गालांवर वाऱ्याचे लाल डाग तसेच. तिला बघून अनुदारीचा जीव भांड्यात पडला आणि त्याबरोबर तोऱ्यानेही उसळी मारली.

"आत्या, तुझ्यासारखी गावठी बोलणारी एक बाई इथं माझ्या मागे लागलीय. सकाळ झाली की बाथरूममध्ये चौकशा सुरू. काल चहा, आज घरचं नाव."

आई हसली. आत्या हसली नाही. तिने वाडगा खाली ठेवला.

"ओ दिलीस?"

"मी कशाला देतेय?"

"एकदाही नाही? हूं नाही, हां नाही?"

"नाही म्हटलं ना."

"मग ती बोलत का राहिली?" आत्याने डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं, जणू पुतणीच्या मागची भिंत तिला तपासायची होती. "न बोलणाऱ्या दारात कुणी इतके दिवस उभं राहत नाही. कुणीतरी देतंय ओ."

"माझ्याबरोबर राहते ती. वेडी आहे जरा."

"तिला गप्प बसव."

"का पण?"

आत्या उठली आणि पडद्याबाहेर गेली. दार वाजल्याचा आवाज आला. आई वाकून बघत म्हणाली, "काय बोललीस तिला? ती बघ, जिन्यात जाऊन बसली. जाऊ दे गं, ही डोंगरातली माणसं अशीच. तू अभ्यासाचं बघ."

आईच्या ओठाचा कोपरा किंचित वाकडा झाला होता. अनुदारीने तो वाकडेपणा ओळखला. आरशात ती तो रोज बघत असे.

५

"ताई, एक सांगायचंय."

दानबी भांडी पुसत होती. अनुदारीचा दोन दिवसांचा ताप नुकताच उतरला होता.

"बाथरूममध्ये कुणी काही विचारलं तर उत्तर देऊ नकोस. ती मी नाही."

दानबीने हातातलं ताट पुसून पालथं घातलं. दुसरं घेतलं. "कळलंय मला ते," ती म्हणाली.

"कळलंय? कधी?"

"तू तापाने पडली होतीस ना, तेव्हा. तू खोलीत घोरत होतीस आणि आत ती बोलत होती."

"आणि तरी तू—"

"तरी काय? ती बोलते माझ्याशी. जेवलीस का, निजलीस का, पाय दुखतात का विचारते. काय वाईट करते? तू तर मला हिंग लावून विचारत नाहीस, अनु. शेजारच्या खोलीत मी मेले तरी वास सुटेपर्यंत तुला कळायचं नाही."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच झोंबलं. "ती तुझ्याशी बोलत नाही," अनुदारी म्हणाली. "ती भाषा तुझी नाही, ती चौकशी तुझी नाही. तुझ्याशी कोण कशाला बोलेल?"

बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच ते जरा जास्त वाटलं. पण मागे घ्यायची तिला सवय नव्हती. दानबी फडक्याची घडी घालत राहिली. लहान, आणखी लहान.

"बरं," ती म्हणाली. "मग एवढंच सांग. ती मला एनेबिश म्हणते. त्याचा अर्थ काय?"

अनुदारीने ओटा पुसायला घेतला. खरा अर्थ सांगायचा तर ते नाव माझं आहे, हेही सांगावं लागणार होतं. आपलं ते शेणामातीचं नाव मोकपोच्या या अघळपघळ पोरीच्या तोंडात, उद्या सगळ्या वर्गाच्या तोंडात.

"लाडकी," ती म्हणाली. "लाडकी असा अर्थ आहे."

दानबीने वर पाहिलं. एवढ्या वेळाचा अपमान तिच्या तोंडावरून पुसल्यासारखा गेला.

"मला वाटलंच होतं इंऽ," ती म्हणाली.

६

त्यानंतर दानबी बदलली. एकदम नव्हे. आधी ती चहात मीठ आणि दूध घालू लागली. मग खुर्ची सोडून जमिनीवर, एक गुडघा उभा धरून बसू लागली. 'इंऽ' कधी गेलं ते कळलंच नाही. एके दिवशी अनुदारीच्या लक्षात आलं, की कित्येक दिवसांत ते ऐकलेलं नाही. 'ताई' म्हटलं तर ती वळेनाशी झाली. कोरियन बोलायची, पण अडखळत, शब्द शोधत, नव्याने शिकलेल्यासारखं. अनुदारी स्वतःला समजावायची, की परकी भाषा शिकताना माणसाचं होतं असं, त्यात ही मुळातली नक्कलखोर. एका संध्याकाळी कुकर म्हणाला, 'भात तयार आहे.' दानबी त्याच्या शेजारीच उभी होती. तिची मान हलली नाही. कुकर दुसऱ्यांदा म्हणाला. अनुदारीच उठली आणि तिने तो बंद केला.

एक दिवस वर्ग झाला नाही, म्हणून ती दुपारीच घरी आली. घरभर ऊन पसरलं होतं. दारात दानबीचे बूट होते. बाथरूमचा दिवा बंद होता आणि दार वीतभर उघडं. आत दोघीजणी बोलत होत्या.

डोंगरातली बोली, भरधाव. दुधावरच्या वेगवेगळ्या सायींची नावं, वाऱ्यांची नावं, अनुदारी कधीच विसरून गेली होती असे शब्द. तिला निम्मंच कळत होतं. एक आवाज आत्यासारखा होता. दुसरा दानबीचा होता, आणि दानबी कुठे अडखळत नव्हती.

अनुदारी मोजे घातलेल्या पायांनी दाराशी गेली. फटीतून आरसा दिसत होता आणि आरशात दानबी. छोट्या स्टुलावर बसलेली, डोळे मिटलेले, तोंड न्हाऊ घातलेल्या पोरीसारखं वर केलेलं. अर्ध्या केसांची वेणी खांद्यावर पडली होती. उरलेले अर्धे केस खांद्यावर नव्हते. ते डोक्यापासून वर गेले होते, छताकडे, ताणून धरलेल्या तीन पेडांत. आणि तिथे वर, जाळीच्या अंधारापाशी, एक पेड दुसऱ्यावरून सावकाश जात होता.

एवढंच तिने पाहिलं. पेड या बाजूचा त्या बाजूला जाईपर्यंत.

डोळे न उघडता दानबीने विचारलं, "दारात कोण आहे? ती आली का?"

वेणी थांबली. मग जाळीतून आवाज आला, शांत, जरासा कंटाळलेला.

"एने बिश."

आयुष्यभर ते दोन शब्द अनुदारीने नाव म्हणून ऐकले होते. उत्तर म्हणून ते आज पहिल्यांदा कानी पडले. ही नव्हे. ती पावलं न वाजवता मागे सरली, बूट हातात घेऊन जिना उतरली आणि अंधार पडेपर्यंत चढाच्या टोकाशी असलेल्या दुकानासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली. भीती होतीच. पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी ठसठसत होतं, आणि ते तिला ओळखायला वेळ लागला. तिला तिथे नाकारलं होतं. आजवर नाकारायचं काम तिचं होतं.

७

दानबी गेली ती अशीच, न सांगता. एका सकाळी तिची गादी घडी घालून ठेवलेली होती आणि बूट दारात नव्हते. जाळीतून सिगारेटचा वास आला, म्हाताऱ्याचं खोकणं आलं, दुसरं काही नाही. गेली असेल गावाला, अनुदारीने ठरवून टाकलं. तिने कुणाला विचारलं नाही, कुणाला कळवलं नाही. घर ऐसपैस वाटू लागलं. दोन्ही खोल्यांच्या खिडक्या उघडून ती वाचत बसू लागली, आणि या शहरात आपल्याला हवं होतं ते हेच, असंही तिला वाटून गेलं.

रविवारी भर दुपारी घंटा वाजली. दारात एक ठेंगणी बाई, आखूड कुरळे केस, चढ चढून लालबुंद झालेली, हातात कापडात बांधलेला डबा.

"तू अनु ना? मी दानबीची आई इंऽ."

त्या आत येऊन ओट्यापाशी टेकल्या. डबा पुढे सरकवला. "मुळ्याची किमची आहे. तुझ्यासाठी पण आणलीय. तुझं किती कौतुक करायची! म्हणायची, आई, ती वरून कडक आहे, पण रोज माझी विचारपूस करते."

अनुदारीने डब्याकडे पाहिलं.

"फोन उचलत नाही गं पोरगी," बाईंनी पिशवीतून फोन काढला. "चार दिवसांपूर्वी हा निरोप आला. तिचाच आवाज आहे, पण बोलतेय काय, कळत नाही. पोलिसांना ऐकवला, ते म्हणाले, कुठल्यातरी परदेशी भाषेत मस्करी करतेय. तू बाहेर वाढलेलीस म्हणे. बघ ना तुला काही लागतंय का."

बाईंनी तो टेबलावर ठेवला आणि पडद्यावर बोट दाबलं.

दानबी बोलत होती. स्वर गिळत, हळू, रडून दमलेल्या पोरीसारखी. प्रत्येक शब्द अनुदारीला लख्ख कळला. 'आई, मला तुझी भाषा आठवत नाही. माझं नाव आठवत नाही. तू माझ्या नावाने मला हाक मार. मोठ्याने मार. मग मला कळेल, कुठून परत यायचं ते.'

निरोप संपला. बाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण जिभेला वळण पडलेलं होतं. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरचं, वर्गातलं, आरशातलं. शिवाय सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, की ही भाषा माझ्या पोरीच्या तोंडी घातली कुणी?

"नाही काकू," अनुदारी म्हणाली. "मला नाही येत ही भाषा."

बाईंनी मान हलवली. निरोप आणखी एकदा लावला, तोंडाशी हात धरून ऐकला. मग फोन पिशवीत टाकून त्या उठल्या. "तोंडावर पाणी मारून येते जरा."

बाथरूमचं दार लागलं. पाण्याचा आवाज आला. अनुदारी डबा उचलून फ्रिजकडे वळली होती, तेवढ्यात पाणी बंद झालं.

"इंऽ?" आतून बाई म्हणाल्या.

थोडी शांतता. उत्तराला लागेल एवढी.

"हो बाळा! मीच गं! आले, आले!"

अनुदारी धावली, पण दार आधीच उघडलं होतं. बाईंच्या तोंडावरून पाणी निथळत होतं आणि त्या हसत होत्या. "खाली आहे! माझी दानबी खाली आहे, आई आई करतेय, ऐकलं नाहीस? आपल्या मोकपोच्या बोलीत!"

"काकू, थांबा. जाऊ नका, ऐका माझं—"

पण त्या बाथरूमच्या रबरी चपला घालूनच दाराबाहेर पडल्या होत्या आणि जिना उतरत होत्या. चट्, चट्, चट्. एक जिना. दुसरा जिना. त्याच्या पायथ्याशी रस्त्याचं लोखंडी दार होतं. ते कधीही उघडलं तरी कर्कश करकरायचं. अनुदारी डबा छातीशी धरून त्या करकरण्याची वाट बघत उभी राहिली.

दार करकरलं नाही. चपला उतरतच होत्या. चट्, चट्, चट्. जिथे जिना संपतो त्याच्याही खाली, न थांबता, न दमता, लहान लहान होत.

डबा तिच्या हातातून सुटला. ती जिन्यात आली, कठड्यावरून वाकली. खाली ऊन होतं, म्हाताऱ्याची सायकल होती, बंद लोखंडी दार होतं. माणूस नव्हतं. या शहरात आल्यापासून तिने कुणाला हाक मारली नव्हती. आता घशात होता नव्हता तेवढा जीव गोळा करून ती ओरडली.

"काकू! काकू, वर या!"

चपला थांबल्या.

मग फार खालून, खाली म्हणून जेवढं काही असू शकतं त्याच्याही खालून, ओ आली. माया होती त्या आवाजात, आणि शेवटचा स्वर त्याने गिळला होता.

"ओ गं, एनेबिश. आले हं."

आणि चपला वर येऊ लागल्या.